बोक्याच्या गळ्यातला भोंगा

मला पाहून शेपूट हलवणारा कुत्रा अजून जन्माला यायचा आहे. मित्रांनो, मी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा एक जुना प्लास्टिकचा भोंगा आहे. कुत्र्याने जखम चाटू नये, अंग चावून काढू नये म्हणून मला बांधतात. एका कारखान्यातून मी सपाट तक्ता म्हणून बाहेर पडलो, मग मला गोल वळवून कडेला बटणे ठोकली. तेव्हा मी काचेसारखा स्वच्छ होतो. आता दारांच्या चौकटींवर आपटून आपटून माझी कड झिजली आहे, आणि एका बाजूला कुणाच्या तरी दातांची खूण आहे.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. जनावरांच्या दवाखान्यातल्या खुंटीवर राहून तो तसा झाला. "आम्ही भोंगा काढलाच नाही हो!" असे शपथेवर सांगणारी माणसे टाके उसवलेला कुत्रा घेऊन परत आलेली मी पाहिली आहेत. नव्या घरात पहिल्या दिवशी माझे कौतुक होते. मुले म्हणतात, कसा टेबलावरचा दिवा दिसतोय! दुसऱ्या दिवसापासून सगळे मला पाण्यात पाहतात आणि कुत्र्याची कीव येऊन हळूच माझी बटणे सोडतात. म्हणून मी ठरवले होते की कुणावर विश्वास ठेवायचा नाही, आणि माया करणाऱ्यावर तर नाहीच नाही.

अशात डॉक्टरबाईंनी मला बोक्याच्या गळ्यात अडकवले. बोक्या हा कुत्रा. कुत्र्याला बोक्या म्हणणाऱ्या घराबद्दल माझे काय मत झाले असेल, ते तुम्हीच ओळखा. हा लोंबत्या कानांचा, पांढरा, पोक्त गडी दिवसभर पंजे चाटत बसायचा. चाटून चाटून बोटांमधले केस तांबूस झाले होते आणि खालची कातडी लाल होऊन सुजली होती.

घरात आजोबा, त्यांचा मुलगा आणि सून. सुनेचे दिवस भरत आले होते. आजी गेल्यापासून आजोबांना बोक्याचीच काय ती सोबत. पहिल्याच संध्याकाळी मुलगा घसा खाकरून म्हणाला, "बाबा, राग मानू नका. पण हे लागट असलं तर? बाळ यायच्या आत हा बरा झाला नाही, तर माझ्या मित्राच्या गोदामावर सोडू याला. त्यांना राखणीला कुत्रा हवाच आहे."

आजोबांनी चष्मा पुसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

गोदामाच्या दाराशी साखळीला बांधलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचे काय होते, ते खुंटीवरून मी पाहिले होते. मला बोक्याची काळजी वाटू लागली, आणि मी घरातल्या प्रत्येकाकडे चोराकडे बघावे तसा बघू लागलो.

मुलाचा संशय आधी खाण्यावर गेला. डबा बदलला, खाज तशीच. मग पिसवांवर गेला. कंगवा फिरवून फिरवून बोक्याचा भांग पडला, पण पिसू एकही निघाली नाही. मग त्याने बागेतल्या माळ्याला गाठले. "गवतावर काय फवारता हो तुम्ही?" माळी म्हणाला, "पाणी, साहेब. दुसरं काय फवारणार?" आजोबा पेपरामागून पुटपुटले, "आजार रेड्याला, औषध पखालीला."

एका सुनेला तेवढे मी संशयातून वगळले होते. बोक्या बाहेरून आला की ती त्याला न्हाणीघरात उभा करायची, स्टुलावर बसून, अवघडल्या पोटाने वाकून जंतुनाशक साबणाने त्याचा एकेक पंजा चोळून धुवायची. पंजे जितके जास्त लाल होत, तितकी ती जास्त धुई. इतक्या टापटिपीच्या बाईवर कोण संशय घेईल?

आजोबांचे मात्र लक्षण मला ठीक दिसेना. दुपारी मुलगा कामावर आणि सून झोपलेली असली, की ते खोलीचे दार आवाज न करता लोटायचे, माझी बटणे सोडायचे आणि मला खाटेखाली सरकवायचे. तिथून मला त्यांच्या खुर्चीचे पाय दिसत, चपला दिसत आणि बोक्याचे तीन पंजे दिसत. चौथा वर कुठेतरी असे. इथे काहीतरी पाणी मुरतंय, असे मला वाटू लागले. म्हातारा मायेपोटी त्याला मनसोक्त चाटू देतोय, दुसरे काय!

एका दुपारी सून अचानक दारात उभी राहिली. "बाबा! भोंगा कुठाय?"

"अगं, जरा वेळच..."

"तुम्हीच त्याला बरं होऊ देत नाही. आणि गोदामाचं नाव काढलं की आम्ही वाईट!"

आजोबा खाली मान घालून बसले. खरे सांगतो मित्रांनो, मला आनंद झाला. चोर सापडला होता.

दुसऱ्या दिवशी सगळी वरात दवाखान्यात गेली. डॉक्टरबाईंनी बोक्याचा एकेक पंजा उचलून पाहिला आणि पुढच्या उजव्या पंजापाशी थांबल्या. "बाकी तीन चिघळलेत, हा मात्र सुधारलाय. याला वेगळं काय केलंत?"

बाईंनी बोटांमध्ये चिकटपट्टी दाबून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. "बुरशी आहे. ओलीत वाढते. पाय कधी धुता याचे?"

"प्रत्येक वेळी," सून अभिमानाने म्हणाली. "जंतुनाशक साबणाने."

"आणि कोरडे?"

"कोरडे... होतात ना आपोआप."

"बोटांच्या बेचक्यात नाही होत. साबणाने कातडी चुरचुरते, ओलीत बुरशी धरते, खाज सुटते म्हणून तो चाटतो, की पुन्हा ओल. आणि तुम्ही पुन्हा धुता." मग बाईंनी विचारले, "पण हा पंजा कसा सुटला?"

आजोबा अगदी हळू बोलले. "दुपारी मी पेपर वाचताना तो मांडीवर पंजा टाकतो. ओला लागतो, म्हणून टॉवेलात गुंडाळून धरतो. एका हातात पेपर असतो, म्हणून एकच पंजा."

"मग भोंगा कशाला काढता?"

"पेपराला आडवा येतो."

"मोकळा सुटल्यावर चाटायला जात नाही?"

"गेला तर मी त्याचं तोंड बाजूला करतो. एकदाही चाटू दिलं नाही."

पेपराला आडवा येतो! माझ्या इतक्या वर्षांच्या संशयाची ही किंमत.

बाईंनी औषध दिले. पाय मळले तरच साध्या पाण्याने धुवायचे, बेचक्या पुसून कोरड्या करायच्या, आणि कुणी समोर नसेल तेव्हा भोंगा हवाच, असे बजावले. बाळाला घाबरायचे कारण नाही, हात धुत जा म्हणजे झाले, असेही म्हणाल्या.

सुनेच्या डोळ्यांत पाणी आले. "बाबा, तुम्हाला कळत होतं पाय ओले राहतात ते. मग बोलला का नाहीत?"

"अगं, एवढं पोट सांभाळून तू त्याचे पाय धूत होतीस. त्यावर पुसत नाहीस म्हणून कुठल्या तोंडाने सांगू?"

मुलाने तिथूनच मित्राला फोन लावला. "कुत्रा नाही मिळायचा. दुसरा बघ."

मित्रांनो, मी संशयी होतो आणि संशयीच राहणार. पण आता माणसांआधी खाजेवर संशय घेतो. मला गळ्यात बांधले की जीभ थांबते, खाज थांबत नाही. ती कुठून येते ते शोधा. पंजे हुंगून बघा, बोटे फाकवून बघा, आणि वेळीच डॉक्टरांना दाखवा. आणि घरात कुणी काही मनात ठेवून गप्प बसले असेल, तर त्याला चोर ठरवण्याआधी एकदा विचारा.

त्या दुपारी आजोबा नेहमीप्रमाणे खुर्चीत बसले. या वेळी दार उघडे होते. सून आली, तिने स्वतः माझी बटणे सोडली, बोक्याचा दुसरा पंजाही उचलून आजोबांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "आजपासून पेपर मी वाचून दाखवते. तुम्ही दोन्ही हात लावा."