पाच घोडे आणि हिरवा खण

"काका, पाच घोडे खातात काय आणि बसतात कुठे?"

मित्रांनो, हा प्रश्न उल्हासनगर कॅम्प चारमधल्या प्रीतमशेठच्या इंजिनाच्या दुकानात विचारून दाखव, अशी पैज अक्षदाच्या मैत्रिणीने, सोनियाने लावली होती. आमच्या अक्षदाने तो विचारला, तोही अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा!

ते पाच घोडे म्हणजे मी. सोनिवलीत सुदामरावांच्या भाजीच्या मळ्यावरचा, पेट्रोलवर चालणारा, पाच हॉर्सपॉवरचा जुना पाणीपंप. दोरी ओढली की एका हिसक्यात गुरगुरायचो. सुदामराव पाहुण्यांना सांगायचे, "हा माझा थोरला मुलगा!"

गेल्या खंडेनवमीला अक्षदाच्या आईने, विठाताईंनी मला पुसून लख्ख केलं. हळदकुंकू आत उडू नये म्हणून हवेच्या जाळीवर हिरवा खण घट्ट बांधला. पूजेचं वस्त्र लगेच कसं सोडायचं? राहिला तसाच. त्यावर धूळ बसली, तेल बसलं, खणाचा रंगही ओळखू येईना. मी काळा धूर ओकू लागलो. वांग्यांच्या शेवटच्या सरीला पाणी पोचेना.

"म्हातारा झाला," सुदामराव म्हणाले. "उद्या टेम्पो येईल. भंगारात देऊ, नवीन घेऊ."

नवा पंप बघायलाच बापलेक दुकानात गेले होते. परत आल्यावर अक्षदाने मला प्रीतमशेठची हुबेहूब नक्कल करून दाखवली.

"अरे बेटा, घोडा मतलब ताकद! स्टिकरवरचा आकडा फुल स्पीडचा. रोज एवढं नाही खेचायचं. और धूर कुठल्या कलरचा तुझा?"

"माझा नाही हो, पंपाचा! काळा."

"निळा असता तर ऑइल जळतंय. काळा मतलब पेट्रोल जादा, हवा कमी."

एवढं सांगून ती थबकली. "हवा कमी... तू हवा कुठून घेतोस रे?" हात फिरवता फिरवता तिच्या बोटांना गाठ लागली.

"आईऽ! तू याचं नाक बांधलंयस!"

"अगंबाई! पूजेचा खण, म्हटलं राहू दे अंगावर."

"आणि मी त्या बिचाऱ्याला शिव्या घालतोय!" सुदामराव कपाळाला हात लावून हसत सुटले.

अक्षदाने खण सोडला, जाळी साफ केली, दोरी ओढली. फुस्स. पुन्हा ओढली. एक काळा ढेकर, मग करडा, मग धूरच नाही! पाणी धावत शेवटच्या सरीला गेलं. मित्रांनो, मी चौथऱ्यावर अक्षरशः नाचत होतो.

आमची पूजा जरूर करा. पण मग जाळी मोकळी करा. आम्हाला बोलता येत नाही, धुराच्या रंगाने सांगतो. तेवढं बघत जा.

काजळलेल्या नाकाने अक्षदा आईबाबांसमोर उभी राहिली.

"ऐका दोघं. टेम्पो नको म्हणून आत्ता फोन करा. दहावी झाली की मी अंबरनाथला आयटीआयला जाणार, मेकॅनिक होणार. आणि पुढच्या खंडेनवमीला याचा खण मी बांधणार. दांड्याला, जाळीला नाही!"