राखणदाराचं घर

थावी लेकीचं बाळंतपण उरकून होडीनं गावी परतली. धक्क्यावरून वर चढणारा नवा रस्ता लाल दिसत होता. तिनं वाकून एक तुकडा उचलला. जुन्या विटेचा. मग घरी न जाता, बोचकं खांद्यावर तसंच ठेवून ती थेट देवळाच्या टेकाडाकडे गेली.

मेकाँगकाठचं ते देऊळ जुन्या राजांच्या काळचं. छप्पर कधीच कोसळलेलं, तीन भिंती तेवढ्या उभ्या. आत गावचा राखणदार राहतो. आमच्याकडे पोर तापलं की आधी तिथे केळी आणि उदबत्ती, मग दवाखाना. आता तिथे खड्डा होता. एकच भिंत उरली होती आणि तिच्याशेजारी माती उपसायचं पिवळं यंत्र उभं होतं.

भिंती पाडून विटा रस्त्यात घालायची परवानगी दिली होती तिच्याच धाकट्या भावानं. सामुन आमचा गावप्रमुख. तो चटईवर जेवायला बसला होता, तेव्हा तिनं विटेचा तुकडा त्याच्या पुढ्यात टाकला.

"ताई, पावसात माशांच्या पाट्या घेऊन घसरायचीस, तेव्हा तूच बोंबलायचीस ना रस्ता करा म्हणून?"

"रस्ता करा म्हटलं होतं. त्याचं घर मोडा म्हटलं होतं?"

"पडकं तर होतं. झाडांनी खाल्लेलं."

"आईसुद्धा शेवटी पडकीच झाली होती. तिला घातलीस का रस्त्यात?"

सामुननं ताट बाजूला सारलं.

सकाळी यंत्र सुरू व्हायच्या आत थावी उरलेल्या भिंतीला पाठ लावून बसली. चालकानं आधी विनवलं, मग दमदाटी केली. ती हलली नाही. सामुन आला, चारचौघांत हात जोडू लागला, वरून माणसं येतील, माझी खुर्ची जाईल, म्हणाला. ती म्हणाली, जाऊ दे. मग बाजाराला निघालेल्या बायकांकडे वळून तिनं विचारलं, मी नव्हते तेव्हा तुमची तोंडं शिवली होती का? त्या मग एकेक करत तिच्याशेजारी जाऊन बसल्या. मीही बसले.

दुपारी यंत्र गेलं. पुढे पुरातत्त्वाचे साहेब आले, त्यांनी भिंतीभोवती कुंपण घातलं. पाडलेल्या दोन भिंतींचं काय, म्हणून थावीनं विचारलं. विटांचा चुरा झालाय, आता काही होणार नाही, असं ते म्हणाले. हे बोलताना ते तिच्याकडे बघत नव्हते.

पितरांच्या पंधरवड्यात सगळं गाव विहारात जमलं. भिक्खूंना वाढायच्या भाताचा डबा घेऊन सामुन तिच्याशेजारी येऊन बसला. दर वर्षी आईबापांच्या नावानं दोघं एकाच डब्यातून वाढायचे.

"ताई, किती दिवस धरून बसणार?"

थावीनं आपला डबा उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला.

"तुझा तू वेगळा वाढ," ती म्हणाली. "आणि काय केलंस तेही आईबापांना सांग."

तो बराच वेळ डब्याचं झाकण उघडेना.