बंड्याची बॅग

बंड्या परदेशात वेल्डर होता. तिथेच कामावर अपघातात गेला. आईवडिलांनी तिथे जाऊन सगळं उरकलं आणि त्याच्या खोलीतले कपडे एका बॅगेत भरून ते परत निघाले. विमान उतरलं, सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला, बॅग काही आली नाही.

वडील बसचालक. ते तडक विमान कंपनीच्या काउंटरवर गेले. तिथली मुलगी अदबीने म्हणाली, "काका, नाहीच सापडली तर नियमाप्रमाणे भरपाई मिळेल. आत काय होतं?"

"कपडे."

"नवीन?"

"वापरलेले," आई म्हणाली. "न धुतलेले."

"मग फार किंमत धरता येणार नाही, काकू."

"किंमत नको गं. बॅग दे."

मग हेलपाटे सुरू झाले. आई पाळणाघर चालवायची. पोरांना शेजारणीच्या हवाली करून ती नवऱ्याबरोबर जायची.

"आमच्या बसमध्ये छत्री राहिली तरी डेपोत मिळते," वडील म्हणायचे. "तुमच्याकडे अख्खी बॅग गडप होते."

एकदाचा फोन आला. बॅग भलत्याच विमानतळावर उघड्यावर पडली होती. दोघं गेले तेव्हा काउंटरवरची मुलगीच ती आतून हसतमुखाने घेऊन आली.

"भिजून कुबट वास मारत होता, काकू. शिवाय तुम्ही म्हणाला होतात ना, न धुतलेले म्हणून. मी साहेबांच्या मागे लागून सगळे धुऊन, इस्त्री करून घेतले."

आईने चेन उघडली. वरचा शर्ट काढून नाकाशी धरला. मग दुसरा. मग त्याखालचा. साबणाशिवाय कशाचाच वास नव्हता. लेकाच्या अंगाचा वास कुठेच उरला नव्हता.

वडिलांच्या ते ध्यानात आलं. "कुणी सांगितलं होतं धुवायला?" त्यांचा आवाज चढला. मुलीचा चेहरा उतरला.

आईने त्यांचा दंड धरला. "अहो, असू द्या. मायेने केलंय पोरीने." मग मुलीला म्हणाली, "छान धुतलेत हो."

घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, "कपाटात ठेवू?"

"नको. तुम्ही घाला."

सुट्टीच्या दिवशी ते त्यातला एक शर्ट घालून भाजी आणायला निघाले. बाह्या लांब होत होत्या. तिने त्या नीट दुमडून दिल्या. ते जिना उतरेपर्यंत ती दारात उभी राहिली. मग दार लावलं आणि तिथेच खाली बसली.