अवेळी वाजलेला भोंगा

मी भोंगा बोलतोय, साबणाच्या कारखान्याच्या छपरावरचा. मी तोंड उघडलं की तीनशे माणसं हातातलं काम टाकून उठतात. एवढा मान खुद्द मालकांनाही नाही! आता खरं सांगायचं तर तोंड मी उघडत नाही. मुकादमाच्या खोलीतलं लाल बटण कुणीतरी दाबावं लागतं. नाही दाबलं तर मी नुसती कबुतरांची बैठक.

शिक्षण अर्धवट. शेजारीच शाळा होती, पण धडा रंगात आला की नेमकी माझी वेळ व्हायची आणि पुढचं सगळं माझ्याच बोंबलण्यात बुडायचं. त्यामुळे राजा लढाईला निघाला एवढं मला ठाऊक आहे. परत आला का, देव जाणे.

आमच्याकडे मनगटावर घड्याळ बांधायला बंदी. पट्टा यंत्रात अडकतो. भिंतीवर एक घड्याळ आहे, पण कढईच्या वाफेनं त्याची काच कायम आंधळी. म्हणजे वेळ कोण सांगणार? मीच!

खोकी भरायला एक पोरगा होता. उंच म्हणून सगळे त्याला शिडी म्हणायचे. एका दुपारी सगळे पेंगत असताना पैज लागली आणि पठ्ठ्यानं बटण दाबलं. मी कुठं घड्याळ बघतो? वाजलो. तासभर आधीच कारखाना रिकामा. सगळ्यांत पुढे मुकादम, काखेत डबा मारून. हे मुकादम म्हणजे आमचे सगळ्यांचे मामा. कढईतला साबण उतू जाऊन दारापर्यंत आला. सकाळी मालक दारातून आत शिरले ते बसूनच, आणि थांबले थेट पलीकडच्या भिंतीशी. शिडीला तिथंच हाकललं.

पुढे तो जाईल तिथं हाच प्रश्न, आधीची नोकरी का सुटली? हा म्हणायचा, तब्येतीमुळे. मग मामांना फोन यायचा, मामा सगळं खरं सांगून मोकळे व्हायचे आणि शिडीची नोकरी जायची. फोन ठेवला की त्या दिवशी मामांचा डबा न उघडताच घरी परत जायचा. परवा कळलं, शिडी पुन्हा बाप झालाय. मामांनी ठरवलं, आता पोराच्या पोटावर पाय द्यायचा नाही.

आणि नेमक्या एक बाई चौकशीला आल्या. इस्पितळात आग लागली तर लोकांना बाहेर काढायला माणूस हवा होता, त्यासाठी शिडी मुलाखत देऊन आला होता.

"कसा होता हो मामा, कामाला?"

"शिडी? देवमाणूस! खाली मान घालून यायचा, खाली मान घालून जायचा."

घालणार नाही तर काय! दार केवढंसं आहे!

"काही भानगड? भोंग्याची वगैरे?"

"छे हो! भोंगा कुठं आहे हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं."

मी वर हसून बेजार. पण बटणाशिवाय हसू ऐकवू कसं?

बाई म्हणाल्या, "त्यानं तर स्वतःच सांगितलं, भोंगा वाजवला म्हणून काढलं. आता तुम्ही नाही म्हणताय. असा गोंधळ दिसला की आमचे साहेब सरळ दुसरा माणूस घेतात."

मामांचा चेहरा ओल्या वडीसारखा हातातून निसटला. "अहो बाई, खोटारडा मी! वाजवला त्यानं, चांगला कोकलेस्तोवर वाजवला!"

"मी विचारल्यावर आता फिरवताय. एक बटण दाबलं आणि तीनशे माणसं वेळ न बघता घरी गेली, हे कुणाला पटेल?"

"पटत नाही? मग बघाच!"

आणि मामांनी बटण दाबलं.

घसा गंजलाय माझा. तेलाचे दोन थेंब सोडाल तर उपकार होतील. पण असा वाजलो म्हणता! कबुतरं उडाली, खोकी पडली, चपला उलटसुलट घालून माणसं फाटकाकडे पळाली. मालक पिशवी सावरत सगळ्यांच्या पुढे. नुकतं कुठं जेवण झालं होतं सगळ्यांचं.

कढई फुसफुसायला लागली. फेस हळूहळू मामांच्या पायाशी आला.

बाईंनी पाय उचलून खुर्चीवर घेतले. "पटलं. त्याचं अक्षर न् अक्षर खरं निघालं. असाच माणूस हवाय आम्हाला, मी साहेबांना सांगते. पण मामा, उद्या तुमच्याबद्दल कुणी मला चौकशीचा फोन केला, तर काय सांगू?"