कपाट खोलायचा निर्णय

वरून आदेश आला, की यापुढे अंगणवाडीतले निर्णय मुलांना विचारून घ्यायचे आणि दर शनिवारी ते मोबाईलवर भरायचे. सिहोऱ्याजवळच्या एका अंगणवाडीच्या सेविका ललिताबाईंनी तो दोनदा वाचला. बावीस वर्षांत खुद्द त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

तरी शनिवारी त्यांनी मुलांना गोल बसवलं. "सांगा बाप्पा, आपल्या इथं काय झालं पायजे?"

चार वर्षांच्या गुड्डीनं बोट दाखवलं. "ते कपाट खोला."

कपाटात खेळणी होती. दोन वर्षं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. तपासणीत मोडकी निघाली तर जाब सेविकेला, म्हणून किल्ली ललिताबाईंच्या कनवटीला.

"कोणाकोणाले वाटते खोलावं?"

सतरा मुलांनी हात वर केले. गोलूनं दोन्ही केले.

तेवढ्यात पर्यवेक्षिका रीता मॅडम आल्या. "काय ठरवलं मुलांनी?"

"कपाट खोला म्हणून राहिले, मॅडम."

मॅडमनी मोबाईल पाहिला. "तो पर्यायच नाही. गाणं किंवा गोष्ट, दोनच आहेत. समजावून सांगा त्यांना. निर्णय त्यांचाच, पण यातला."

ललिताबाईंनी समजावलं. मुलांनी शहाण्यासारखं ऐकून घेतलं. मग गुड्डीनं विचारलं, "गाणं बी कपाटातच हाये का, बाई?"

ललिताबाईंना आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी किल्ली काढली.

पाव तासात ट्रकचं चाक निखळलं आणि हत्तीची सोंड तुटली. मॅडमनी आनंदानं ओरडणाऱ्या मुलांचा फोटो काढला आणि 'गाणं' या पर्यायासोबत पाठवून दिला.

आठवड्यानं एकाच दिवशी दोन कागद आले. एकात बालसहभागाबद्दल अभिनंदन. दुसऱ्यात विचारणा: फोटोत दिसणाऱ्या हत्तीची सोंड कोणाच्या परवानगीनं तुटली?

"आता कसं करता, बाई?" मदतनीस मंदाबाईंचा जीव टांगणीला लागला.

"निर्णय पोरायचा. सही बी त्यायचीच."

ललिताबाईंनी खुलासा लिहिला, खाली सतरा चिमुकले अंगठे उमटवले आणि पाठवून दिला.

कागद शेरा मारून परत आला: प्रत्येक अंगठ्याखाली हुद्दा नमूद करावा.

ललिताबाईंनी पुन्हा मुलांना गोल बसवून एकेकाला विचारलं, तू कोण? गुड्डी म्हणाली, मोठी मॅडम. गोलू म्हणाला, बैल. त्यांनी तसंच लिहिलं आणि कागद वर पाठवला.