साक्षीदार कोण?

बिझनेस स्कूलमध्ये प्रवेश हवा असणाऱ्यांचे निबंध तपासून देणं हा माझा धंदा. कुणी स्वतःचा मोठेपणा लिहिला की मी समासात लाल पेनने एकच प्रश्न लिहिते: साक्षीदार कोण? निम्मे निबंध तिथेच आडवे होतात.

काल सकाळी धाकट्या भावाचा निबंध आला. फक्त भाषा बघ, आज पाचच्या आत अर्ज भरायचाय, असा सोबत निरोप. वाचता वाचता माझं डोकं फिरलं. बाबांना अर्धांगवायू झाल्यावर याने म्हणे तीन वर्षं नोकरी सांभाळून रोज दुपारी त्यांना स्वतःच्या हाताने भरवलं. त्या तीन वर्षांत साहेब दुसऱ्या शहरात होते. रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांना हात हलवून दाखवला की यांचं कर्तव्य संपायचं. बदली होऊन परतला तो गेल्या महिन्यात. भरवत मी होते. त्यासाठी बँकेतली चांगली नोकरी सोडून हे घरबसल्याचं काम धरलं. माझी तीन वर्षं त्याने पाचशे शब्दांत ढापली होती.

भांडले असते तर तो डोळ्यांत पाणी आणून मोकळा झाला असता. म्हणून मी गोड बोलले. मुलाखतीत अशा गोष्टी खोदून खोदून विचारतात, जेवायलाच ये, सराव करून घेऊ, असं कळवलं. आला बिचारा. मी त्याची खुर्ची बाबांच्या पलंगाशेजारीच मांडली.

बाबांना बोलता येत नाही, पण कळतं सगळं. मी निबंध मोठ्याने वाचला, एक शब्दही गाळला नाही. बाबा एकटक त्याच्याकडे बघत होते आणि तो मोबाईलशी चाळा करत होता. वाचून झाल्यावर मऊ भाताची वाटी मी त्याच्या हातात दिली.

"हे कशाला, ताई?"

"तीन वर्षांची सवय आहे ना तुला? भरव."

त्याने चमचा उजवीकडून नेला. बाबांची उजवी बाजू गेलेली आहे, तिथे घास त्यांना कळतच नाही. भात ओघळून शर्टावर सांडला. घास डावीकडून द्यायचा, हनुवटीला हात लावायचा, गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हे निबंधात कुठेच नव्हतं. बाबांच्या शर्टाचं वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, जीव थंड झाला.

त्याने घाईघाईने दुसरा चमचा भरला. पुन्हा उजवीकडूनच. बाबांनी कसाबसा डावा हात उचलला, चमचा त्याच्याकडून काढून घेतला आणि माझ्यापुढे धरला.

बराच वेळ तो बाबांच्या शर्टावरची शितं रुमालाने टिपत बसला. मग खाली मान घालूनच म्हणाला, "आता काय लिहू? पाच वाजतील."

मी बाबांची हनुवटी धरली आणि डावीकडून घास दिला. तो गिळून होईपर्यंत थांबले.

"अपयशाबद्दल लिहिलेलंही चालतं त्यांना," मी म्हटलं. "आत्ताचं लिही. या वेळी साक्षीदार दोन आहेत."