टिकलीवर टिकली

चव्वेचाळीस टिकल्या, आन् सगळ्या एकाच जागी! नकाशा पाहून माह्यं तर डोकंच सटकलं.

झालं असं का, रामदासपेठेतल्या, गल्ल्यांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसातली ऋतुजा मॅडम आमच्या कोष्टीपुऱ्यात गल्लीचे दोन नकाशे घेऊन आली. गल्ली कशी पाहिजे ते तुमीच ठरवा म्हणे. एकात मधोमध झाडांचे कुंडे, दुसऱ्यात गल्ली मोकळी. जे पसंत पडलं त्याच्यावर हिरवी टिकली चिकटवाची. पहिला मान वयानं मोठ्या ताराचंदकाकाचा. त्यानं कुंड्यांवर लावली. मंग काकाच्या देखत दुसरीकडं लावाची हिंमत कोण करते? जो आला तो काकाच्या टिकलीले खेटून टिकली लावून गेला. मी तवा शिलाईच्या कामावर होती.

"काका, कुंडे काहून?" मी काकाच्या घरी जाऊन इचारलं.

"मले काय मालूम, कामिनी! जो कागद पुढ्यात होता त्याच्यावर लावली."

घ्या! आता आमच्या गल्लीत हातमाग उरला एकच, माह्या सासऱ्याचा, मारोतराव मामाजींचा. बाकीचे कोणी ऑटो चालवते, कोणी खापरखेड्याले पॉवर हाऊसात हाय. मामाजी सकाळी गल्लीभर सुताचा ताणा, म्हंजे कापडाचे उभे धागे, ताणतात, त्याले पिठाची खळ लावतात, उन्हात सुकवतात. त्याले साठ फूट सरळ जागा लागते. मधात कुंडे आले का माग बंद. आन् मी जिवंत असताना तो माग बंद होऊ देईन? हट्!

मी मॅडमले फोन लावला. "मत पुन्हा घ्या. आन् एकेक जण आत, पडद्यामागं. कोणाचं कोणाले दिसलं नाई पाहिजे."

"रविवारी येते," मॅडम म्हणाली, "पण तेच शेवटचं हं."

चार दिवस मी पायाले भिंगरी लावल्यासारखी फिरली. एक घर सोडलं नाई; कोणाले काय पाहिजे ते इचारलं, मागाचं समजावलं. दुपारचं जेवण बी कोणाच्या ओट्यावर उभ्याउभ्याच केलं.

रविवारी सकाळी मामाजींनी ताणा ताणला. मी गल्लीतल्या हर्षाले, भूपेशले आन् आणखी चौघांले नेमकं कुंड्यांच्या जागी उभं केलं. सूत त्यांच्या पोटाले अडकलं, ताणा वाकडातिकडा झाला. "दिसलं का आता?" मी ओरडली. "दिसलं वं बाई, दिसलं!" सारी गल्ली ओरडली. 

मंग आमच्या घरच्या समोरच्या खोलीत पडदा लावून मतं झाली; रविवार म्हणून कामाले जाणारे बी सारे होते. बाहेर असा कल्ला का मॅडमले आकडा दोनदा सांगा लागला. मोकळ्या गल्लीले बासष्ट, कुंड्यांले एक!

जिंकलो ना बाप्पा! शेजारच्या वच्छलाबाईनं माह्या तोंडात पेढा कोंबला. ताराचंदकाका सगळ्यात जोरात टाळ्या पिटून राहिला होता. मॅडम हसत हसत कागद गुंडाळून गाडीकडं निघाली.

"पण ते एक मत कोणाचं गा?" मी भर गल्लीत आवाज दिला. "कोण हाय तो माग बुडवणारा?"

मामाजी खाली बसून सूत गुंडाळून राहिले होते. मान वर न करताच म्हणाले, "माह्यं हाय वं बाई."

"तुमचं?"

"बहात्तर वर्षाचा झालो. उन्हात खळ लावता लावता डोळ्यापुढं अंधारी येते. जराशी सावली पाहिजे होती."

"मंग सांगाचं नाई? मी चार दिवस तुमच्यासाठी घरोघरी फिरली!"

"फिरली ना. साऱ्या गल्लीले इचारलं तुनं," मामाजी म्हणाले. "मले कुठं इचारलं?"

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेढा तोंडातच राहिला. तिकडं मॅडमनं गाडी सुरू केली.

"मामाजी," मी घाईनं खाली बसली, "ताण्याचा शेवटचा खुंटा हाय ना, त्याच्या पलीकडं झाड लावलं तर? ताणा बी मोकळा, बसाले सावली बी. चालन?"

मामाजींनी हातातलं सूत खाली ठेवलं आन् गल्लीच्या टोकाकडं पाहिलं. "चालन," म्हणाले. "कडुनिंब असन तर लय बेस."

मी पदर खोचला आन् धावली. "ओ मॅडम! थांबा! गाडी थांबवा! एक माणूस इचाराचा राहिलाच होता!"